खानदेश कोणत्या प्रकरणात?

पर्सी ब्राऊनच्या ‘इंडियन आर्किटेक्चर’चे दोन खंड आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला चुकत नाहीत. पहिल्यात बौद्ध आणि हिंदू वास्तू, दुसऱ्यात इस्लामी. गेल्या शतकाच्या चाळिशीत निघालेली ही पुस्तकं अजूनही परीक्षेपुरती पुरून उरतात. त्यांत खानदेश शोधायला बसलं, तर पहिल्या खंडात दख्खनच्या देवळांच्या ओघात बळसाणे सापडतं, दुसऱ्यात थाळनेर आणि बऱ्हाणपूर. तेवढ्यावर लेखक पुढच्या प्रांताकडे निघून जातो.

जळगावात माझं ऑफिस आहे. बंगले, रो-हाउस, दुकानांचे गाळे, अधूनमधून एखादी शाळा. साइटवरचे मिस्त्री आणि पास करून आणायचे प्लॅन यांतच आठवडा जातो. उरलेल्या काही दुपारी कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवतो. मुलांना हा पाठांतराचा विषय वाटतो: राजा, शतक, शैली आणि एक आकृती. त्यात त्यांचा दोष नाही. मुलं धरणगाव, पाचोरा, साक्री, शिरपूरकडची आणि पुस्तकातली उदाहरणं खजुराहो, तंजावर, आग्र्याची. बॅनिस्टर फ्लेचरच्या इतिहासाच्या जुन्या आवृत्त्यांत तर वास्तुकलेचा एक वृक्ष काढलेला आहे. त्याचं खोड ग्रीस-रोमचं. भारत, चीन वगैरे मंडळी बाजूच्या फांद्यांवर, आणि पुढे त्या फांद्या वाढत नाहीत. आपला सबंध देशच बाजूच्या फांदीवर बसवलेला, तिथे खानदेशाला कोण विचारतो!

मात्र इतकी वर्षं शिकवून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. पुस्तकांची प्रकरणं जिथे संपतात आणि सुरू होतात, त्या रेघा खानदेशातून जातात. माळवा संपून दख्खन सुरू होतो तो इथे. देवळांच्या प्रकरणातून मकबऱ्यांच्या प्रकरणात जायचं तर थाळनेरला तापी उतरावी लागते. इंग्रजी नगररचना आली तीही धुळ्याच्या पांझराकाठी. रेघेवरचा मुलूख कुठल्याच प्रकरणात नीट मावत नाही, म्हणून तो पुस्तकात बारीक होत जातो. शिकवणाऱ्याची मात्र चंगळ असते, कारण रेघ कुणी आणि का ओढली हे जागेवर उभं राहून विचारता येतं.

पहिली सहल मी झोडग्याला नेतो. धुळ्याहून आग्रा रोडने मालेगावकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. जिल्हा नाशिक, पण आम्हाला ते आमचंच. माणकेश्वराच्या देवळासमोर पोचल्यावर वही उघडायची नाही, फक्त शिखर मोजायचं, एवढीच सूचना. शिखराच्या चार बाजूंना वरून खालपर्यंत एकेक नक्षीदार पट्टा उतरलेला असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या खांबांच्या रांगा, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक इवलं शिखर. वर जावं तशी ही शिखरं लहान होत जातात, एकावर एक रचलेल्या उतरंडीसारखी. मुलं आडव्या रांगेत किती आणि उभ्या रांगेत किती हे मोजतात आणि हटकून भांडण लागतं. सगळ्यात खालची रांग धरायची की नाही? अर्धवट झिजलेली वरची धरायची की नाही? हे भांडण मला हवंच असतं. ते चालू असताना कुणाच्या तरी ध्यानात येतं की प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक मजला आहे आणि मजल्यावर छोटी छोटी देवळं मांडलेली आहेत. म्हणजे डोळ्यांपुढचं शिखर हे देवळांचंच बांधलेलं देऊळ आहे. ‘भूमिज’ शैलीची व्याख्या त्यानंतर सांगायची गरज उरत नाही.

पुस्तक उघडायचं ते मग परतल्यावर. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात भूमिज प्रासादांना स्वतंत्र अध्याय दिला आहे. परमारांच्या माळव्यातलं या शैलीचं देखणं उदाहरण म्हणजे विदिशेजवळच्या उदयपूरचं उदयेश्वर, साल 1080. आमच्याकडे बळसाणे आणि झोडगे, पुढे सिन्नरचं गोंदेश्वर, कोकणात उतरलं की 1060 चं अंबरनाथ. नकाशावर ही नावं टाकली की मुलंच म्हणतात, सर, हा तर आपला आग्रा रोड! धार-इंदूरकडून सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. आज ट्रक ज्या वाटेने येतात, साधारण त्याच दिशेने एक शिखर बांधायची रीत येत-जात राहिली. वाटेत दगड मात्र बदलला. उदयपूरचा वालुकाश्म तांबूस आणि छिन्नीला वश होणारा. आमचा काळा पाषाण टणक, हट्टी. रचना तीच ठेवून अंगावरची नक्षी कशी जाडसर आणि ठाशीव होते, हे एकदा काळ्या दगडावर हात फिरवल्यावर कळतं.

तळाच्या आराखड्याची गंमत वर्गात करतो. पुठ्ठ्याचा चौकोन कापायचा, मधोमध टाचणी खोचायची, कागदावर त्याची कड गिरवायची, थोडा फिरवायचा, परत गिरवायची. तारा तयार होतो. उदयेश्वराचा तळ अशा फिरत्या चौकोनातून निघतो. गोंदेश्वराचा तसा निघत नाही, तिथे चौकोनाच्या बाजू पायरीपायरीने पुढे काढल्या आहेत. हे एकदा हाताने केलं की मुलं दुसऱ्या देवळाच्या ओट्याभोवती फिरताना कोपरे बघायला लागतात, कोन काटकोनात आहे की तिरका ते तपासतात. भोपाळजवळ भोजपूरच्या अर्धवट राहिलेल्या देवळाभोवती खडकावरच आराखडे कोरून ठेवलेले आहेत. ॲडम हार्डी या अभ्यासकाने 2015 च्या आपल्या ग्रंथात ते आराखडे आणि समरांगणसूत्रधार शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्याच्या बऱ्याच आधी, 1834 साली रामराज यांचा हिंदू वास्तुकलेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. मानसारासारख्या ग्रंथांतल्या संज्ञा अडल्या तेव्हा ते परंपरागत शिल्पकारांकडे गेले होते. ग्रंथ कारागिराला विचारून वाचायचा असतो, हा धडा त्या निबंधात आहे. माझ्या साइटवरचे नाना मिस्त्री कॉलमच्या रिंगा मोजताना जे बोलतात तेही मी याच कारणासाठी कान देऊन ऐकतो.

चाळीसगावजवळच्या पाटणला प्रश्न कालाचा येतो. गौताळ्याच्या जंगलात, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं ठाणं आहे आणि अलीकडे महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ. तिथे भेटणारा प्रत्येक माणूस सांगतो, हे हेमाडपंती, एका रात्रीत बांधलं. शिलालेखाचं म्हणणं निराळं. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने देऊळ आरंभलं आणि ते शके 1075 मध्ये, म्हणजे इसवी सन 1153 ला पूर्ण झालं. हेमाद्री पंडित यादवांचा मंत्री होता महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात, म्हणजे 1260 च्या पुढे. देऊळ त्याच्यापेक्षा शंभर वर्षांनी थोरलं. जवळच्या वाघळीचा शिलालेख तर शके 991 चा, म्हणजे 1069 चा. हेन्री कझिन्सने 1931 साली निघालेल्या ‘मिडीव्हल टेंपल्स ऑफ द दखन’मध्ये या सगळ्या देवळांची मापं, आराखडे आणि फोटो दिले. तेव्हापासून हेमाद्रीचं श्रेय अभ्यासकांनी काढून घेतलं, ते योग्यच झालं.

तरीही गावकऱ्याला चूक ठरवून मी पुढे जात नाही. त्याला विचारतो, आबा, हेमाडपंती म्हणजे कसं? उत्तर ठरलेलं: चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवलेला, तरी हलत नाही. ही व्याख्या राजाच्या किंवा शतकाच्या वाटेला जात नाही, ती बांधकामाची आहे आणि बांधकामाची म्हणून अगदी बरोबर आहे. गर्भगृहासमोरच्या मंडपात मान वर केली की कळतं: तुळयांच्या चौकटीवर कोपरे छाटत दगडाची वलयं एकावर एक पुढे सरकवत नेलेली, आणि वजनानेच सगळं जागच्या जागी धरलेलं. पुस्तकाने वर्गवारी राजवटींवर केली, आबांनी सांध्यावर. परीक्षेत मी दोन्ही विचारतो.

पाटणचा आणखी एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही हकिकत. गणिताचे लोक इथे लीलावतीच्या नावाने येतात. मी मुलांना शेवटच्या ओळी दाखवतो, जिथे लेख संस्कृत सोडून जुन्या मराठीत शिरतो. मठाला कुणी काय द्यायचं याची ती यादी आहे. बाजारातल्या व्यवहारावर अमुक, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल. इमारतीचं अंदाजपत्रक सगळेच करतात, इमारत पुढे चालणार कशावर याचं पत्रक फार थोडे. इथे ते दगडावर कोरलेलं आहे, आणि ज्यांनी पाळायचं त्यांच्या भाषेत आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सवरून गिऱ्हाइकं हुज्जत घालू लागली की मला हे तेल आठवतं.

थाळनेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. फारुकी सुलतानांचं हे पहिलं ठाणं. 1382 च्या सुमारास सुरू झालेली त्यांची सत्ता 1601 साली अकबराने असीरगड घेतला तेव्हा संपली. गावाबाहेरच्या मकबऱ्यांत एक अष्टकोनी आहे, नक्षीने नटलेला. बाकीचे साधे, भक्कम. ब्राऊन त्यांचा धागा मांडूच्या होशंगशहाच्या मकबऱ्याशी जोडतो. म्हणजे पुन्हा माळवा, पुन्हा घाटाखाली उतरणारी तीच वाट. देवळांच्या प्रकरणात आणि मकबऱ्यांच्या प्रकरणात आम्ही तेच रस्ते तुडवत असतो, फक्त पुस्तक बदललेलं असतं.

इथे मी धडा धर्माच्या अंगाने न घेता अडचणीच्या अंगाने घेतो. खाली चौकोनी खोली, वर गोल छत. चौकोनाचे चार कोपरे मधे येतात, त्यांचं काय करायचं? पाटणच्या मंडपात कोपऱ्यांवर आडवे दगड टाकून चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचं वर्तुळ केलं. मकबऱ्यात हेच काम कोपऱ्यात कमान टाकून होतं. एकाने दगडाला दाबात ठेवून थोडं थोडं पुढे झुकवलं, दुसऱ्याने कमानीवर भार वाहून नेला. अडचण एक, तोडगे दोन. माझ्या मुलांनी या दोन छतांचे छेद एकाच शीटवर काढायचे असतात. ब्राऊनच्या दोन खंडांत ते कधी एका पानावर येणार नाहीत. आणि प्रत्यक्षात ही माणसं एकमेकांपासून इतकी दूर नव्हतीच. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजाने अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेखही कोरवून घेतला आहे.

धुळ्यात आम्ही देऊळ-मकबरे सोडून रस्ते बघतो. नगररचनेच्या तासाला मोहेंजोदडो, जयपूर, चंदिगड यांचे नकाशे काढून काढून मुलं कंटाळलेली असतात. चौकटीची आखणी पाहायला इतकं लांब कशाला जायचं? 1818 मध्ये पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठिकाण ठरवलं. जुने धुळे नदीकाठी तसंच राहिलं आणि शेजारी सरळ रस्त्यांचं नवं गाव आखलं गेलं. म्हणून धुळ्यात पत्ता सांगताना लोक गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असं सांगतात. मुलांना मी जुन्या धुळ्यात सोडतो आणि पाचकंदिलाकडे यायला सांगतो. वाकड्यातिकड्या बोळांतून बाहेर पडून समांतर गल्ल्यांत आल्यावर सावली कुठे मिळाली, वारा कुठे लागला, ओट्यावर बसलेली माणसं कुठे दिसली, हे नोंदवायचं. चौकट कागदावर छान दिसते. उन्हात कोणती गल्ली बरी, हे चाललेलेच सांगू शकतात. याच धुळ्यात 1884 साली सार्वजनिक बांधकाम खात्यात लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाण्याचा नळ न्यायचं काम मिळालं होतं. त्यांनी आपल्या आठवणींत ते सांगितलं आहे. नोकरीतल्या पहिल्या साइटचा ताण कुठल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

पुस्तकं तरी कुठून येतात, हेही इथून दिसतं. अजिंठा आम्हाला तासाभरावर. जेम्स फर्ग्युसन हा मूळचा निळीचा व्यापारी. त्याने 1839 मध्ये ही लेणी पाहिली, 1843 मध्ये लंडनमध्ये त्यांवर निबंध वाचला, आणि त्यातून कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराला भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. गिलने आयुष्य इथेच काढलं. त्याने केलेल्या मोठाल्या नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. पण त्याआधी, 1864 मध्ये, त्याचे फोटो आणि फर्ग्युसनचा मजकूर असं लेण्यांवरचं पुस्तक निघालं होतं. गिल 1879 साली वारला आणि भुसावळात पुरला गेला. भारतीय वास्तुकलेच्या इतिहासाची पहिली मांडणी ज्या पुस्तकांनी केली, त्यांतल्या एकाचा फोटोग्राफर आमच्या जंक्शनच्या गावात आहे, हे ऐकल्यावर भुसावळची मुलं पुस्तकाकडे जरा निराळ्या नजरेने बघतात.

या सगळ्याचा रोजच्या धंद्याला काय उपयोग, असं गिऱ्हाईक विचारत नाही, पण मी स्वतःला विचारतो. गिऱ्हाईक विचारतं ते वास्तूबद्दल: किचन आग्नेयेला, संडास अमुक कोपऱ्यात नको, शास्त्रात लिहिलंय. तेव्हा मी समरांगणसूत्रधार पुढे करतो. त्यात घरं, देवळं, नगरं आहेतच, पण यंत्रांवरही अध्याय आहे. इतक्या मोकळ्या डोक्याचा ग्रंथ चार दिशांच्या तक्त्यात कोंबायचा, हे मला रुचत नाही. काहींना पटतं, काही दुसऱ्या आर्किटेक्टकडे जातात.

खरा उपयोग झाला तो मात्र ज्याच्यावर पुस्तक नाही अशा इमारतीने. एरंडोल तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचं धाब्याचं घर आम्ही मे महिन्यात मोजलं. बाहेर जळगावचा 45 अंशांचा उन्हाळा. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांत देवळ्या आणि कोनाडे. खिडक्या लहान. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेली लाकडं, त्यावर काड्यांचा थर आणि वर हातभर पांढरी माती. पावसाळ्याआधी दर साली नवी माती टाकून ती धोपटायची. आजोबा खाटेवर पडल्या पडल्या आमची टेपची ओढाताण बघत होते. म्हणाले, “धाबाखाले झोप लागस भाऊ, स्लॅबखाले नही.” त्यात पदार्थविज्ञानाचा अख्खा धडा आहे. जाड माती दुपारचं ऊन आत पोचवायला रात्र लावते, तोवर बाहेर गार झालेलं असतं. पाच इंचांचा उघडा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापून घेतो आणि रात्रभर झोपलेल्या माणसावर ते ऊन सोडत राहतो. त्यानंतर गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं आवरण मी अंदाजपत्रकातून कधी कापू दिलेलं नाही. पश्चिमेच्या भिंतीला कपाटांची रांग देतो, म्हणजे भिंतीची जाडी आपोआप वाढते. गिऱ्हाइकाला वाटतं स्टोरेज मिळालं. मिळतंच.

अशी घरं झपाट्याने जाताहेत. भावाभावांत वाटण्या होतात, धाबं गळू लागतं, माती टाकणारी माणसं मिळत नाहीत, घरकुलाची योजना येते. ज्यांना त्या घरात दर जूनला छतावर चढावं लागतं त्यांना ते टिकवा म्हणणं मला शोभत नाही. मोजून ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. बळसाण्याबद्दल आपण आज जे नेमकेपणाने बोलू शकतो, ते कझिन्सच्या माणसांनी तिथे टेप लावला होता म्हणून. धाब्याला कुणी कझिन्स भेटला नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आता एक जुनं घर मोजावंच लागतं, शक्यतो नात्यातलं. शीटवर उत्तर दिशा हवी, तारीख हवी, मोजणाऱ्याचं नाव हवं. लाकूड कुठल्या बाजारातून आलं, पांढरी माती कुठल्या शिवारातून आणायचे, घर बांधलं कुणी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, तो म्हणेल तसंच लिहायचं. मापं मात्र फूट-इंचांतच. मीटरमध्ये सांगितलं की आजोबा लगेच चूक काढतात, आणि मोजणी त्यांच्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी शीटवर सही करत नाही.